अंगणात नागभीड लाईन : काळ्या मातीत बागेतली रेल्वे टिकते का?

कुही_पॅसेंजर | १२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेलं आज लिहून टाकतो. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग सल्ला द्या.

माझं आजोळ कुहीजवळचं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या म्हणजे इतवारीवरून नागभीडची नॅरो गेज, अरुंद रुळांची छोटी गाडी. खिडकीशी कोण बसणार यावरून भावंडांत मारामारी, आणि खिडकीशी बसणाऱ्याच्याच डोळ्यात कचरा जाणार हेही ठरलेलं. ती लाईन २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी बंद झाली. शेवटच्या गाडीला मला जाता आलं नाही, ऑफिसात ऑडिट होतं. ते ऑडिट कशाचं होतं हेही आता आठवत नाही, गाडी मात्र आठवते.

दोन वर्षांनी निवृत्त होईन. बेस्याकडे घर आहे, मागे ४० बाय २२ फूट मोकळी जागा. एक संत्र्याचं झाड (फळ धरत नाही), कढीपत्ता, तुळस, बाकी गवत. तिथे बागेतली रेल्वे करायची आहे. म्हणजे शोकेसमधलं खेळणं नव्हे. झाडाझुडपांतून, उघड्यावर, पावसापाण्यात चालणारी मोठ्या मापाची गाडी. इतवारी, कुही, उमरेड, भिवापूर एवढी चार स्टेशनं बसली तरी पुरे.

अडचण अशी की माती पक्की काळी. कंपाउंडची भिंत दर दोन वर्षांनी तडकते. त्यात मे महिन्यातलं आपलं ऊन. कुणी केलंय का हे विदर्भात? कोणतं माप घ्यावं?

आणि एक. कामठी रोडकडच्या एका कबाड्याकडे नॅरो गेजच्या डब्याचं सागवानी दार पाहिलं, पितळी मूठ शाबूत. १७ हजार म्हणतो. घेऊन नीट करावं असं फार वाटतंय. घ्यावं का?

---

वऱ्हाडी_ठसका | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५२

मे महिन्यात नागपुरात माणूस टिकत नाही बापा, रूळ काय टिकन! स्टेशनात कूलर लावजो म्हणजे झालं.

---

मोगरा | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

घरच्यांना सांगितलंय का, ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे अशाच एका 'छोट्याशा' मत्स्यालयाने हॉल खाल्ला आहे.

---

मुरूम_आणि_खडी | १२ फेब्रुवारी, रात्री ११.०५

मी स्थापत्य अभियंता आहे, नोकरीची अर्धी वर्षं काळ्या मातीशी भांडण्यात गेली. तेव्हा या प्रश्नावर थोडा अधिकार गाजवतो.

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तुमची भिंत तडकते ती त्यामुळेच. भिंतीचं वजन तरी असतं, तुमच्या रुळांना तर वजनच नाही. थेट मातीवर टाकलेत तर पहिल्या पावसानंतर ती लाईन लाटांसारखी दिसेल.

पहिला मार्ग असा. रुळांच्या रेषेवर फूटभर रुंद, दीड फूट खोल चर खणा. काळी माती पूर्ण उचला (ती कुंड्यांना वापरा). चरात मुरूम भरा, एकदम नाही, सहा-सहा इंचांच्या थरात, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करून. वर दोन इंच गिट्टीची चुरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चराला उतार देऊन पाणी बाहेर काढा. नाहीतर तुम्ही रेल्वे नाही, पाझर तलाव बांधलात असं होईल.

दुसरा मार्ग मला स्वतःला जास्त पटतो. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंचावर करा. भेगा जातात त्याच्या खालपर्यंत, साधारण साडेतीन-चार फूट, खांब न्या आणि वर फळी किंवा फेरोसिमेंटचा पट्टा. दोन वर्षांनी निवृत्त होताय ना? मग वाकून वाकून गाडी रुळावर चढवायची हौस दोन महिन्यांत फिटेल. कंबर वाचेल.

---

कोथरूड_कट्टा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

एवढा खटाटोप कशाला? कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ पासून आहे, एकदा येऊन पाहा. छताखाली, धूळ नाही, ऊन नाही, दिवे लागतात, सिग्नल पडतात. एचओ मापात म्हणजे १:८७ मध्ये (खऱ्याच्या ८७ पट लहान) एका खोलीत अख्खं गाव बसतं. तुमच्या जागेत शेड टाका, एसी लावा आणि आत करा.

---

कुही_पॅसेंजर | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

@कोथरूड_कट्टा, ते पाहिलंय, दोनदा. सुरेखच आहे, माझा मुलगा तिथून निघायला तयार नव्हता. पण मला चिखल हवा आहे हो. पाऊस पडून गेल्यावर रुळांत पाणी साचलंय, कडेला खरं गवत वाढलंय आणि त्यातून गाडी हळूहळू येतेय, असं काहीतरी. एसीत नागभीड लाईन म्हणजे फ्रीजमधल्या पुरणपोळीसारखं वाटतं.

@मोगरा, सांगितलं आहे. "तुळशीला हात लावायचा नाही" एवढीच अट आली.

@मुरूम_आणि_खडी, उंचावरची कल्पना आवडली, पण मग ती लाईन पुलावरून गेल्यासारखी दिसणार नाही का? आमची गाडी शेतातून जायची.

---

लीड्सला_गेलेला_नागपूरकर | १३ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

शेवटी माझ्या विषयाचा धागा निघाला! धरमपेठेत वाढलो, आता बारा वर्षं यॉर्कशायरमध्ये. मागच्या अंगणात माझी २६ मीटरची लाईन आहे. इथे हा छंद इतका मुरलेला आहे की शेजारचे आजोबा पाव आणायला निघाल्यासारखे "जरा इंजिन पेटवून येतो" म्हणतात.

आधी मापाचा घोळ सोडवू. बागेतल्या रेल्वेत रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, दोन प्रकारचं जास्त चालतं, ४५ मिमी आणि ३२ मिमी. ४५ मिमी लोकप्रिय केलं न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीच्या एलजीबी गाड्यांनी, १९६८ पासून. त्यांचं माप १:२२.५. गुणून पाहा, ४५ गुणिले २२.५ म्हणजे १०१२, मीटर गेज झालं. इंग्लंडात '१६ मिमी' चालतं, म्हणजे एका फुटाला १६ मिमी, साधारण १:१९. ते ३२ मिमी रुळांवर दोन फुटी गेज दाखवतं. ते माथेरानला लागू पडेल.

पण आपली विदर्भातली नॅरो गेज अडीच फुटी, ७६२ मिमी. हिला दुकानातलं कोणतंच माप सरळ बसत नाही. ३२ मिमी रूळ घ्या आणि १:२४ माप धरा. ७६२ भागिले २४ म्हणजे ३१.७५. केसाएवढा फरक! आणि गंमत म्हणजे १:२४ च्या खेळण्यातल्या मोटारी जगभर मिळतात, त्यामुळे फाटकाशी थांबलेली अँबेसेडर वगैरे आयती. इंजिन-डबे मात्र हातानेच बनवावे लागतील. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

आता ऊन. पितळी रूळ धरू. १० मीटर लांबी, हिवाळ्यातल्या पहाटे १० अंश, आणि मेच्या दुपारी रूळ स्वतः ६५ अंशांपर्यंत तापला असं समजा (हवेपेक्षा धातू जास्त तापतो, स्कूटरच्या सीटवर बसून पाहिलंच असेल). फरक ५५ अंशांचा. तेवढ्यात ते रूळ जवळपास साडेदहा मिमी वाढतील. दीड मीटरच्या एका तुकड्यामागे दीड मिमी. म्हणून डिसेंबरच्या सकाळी रूळ टाकत असाल तर दर सांध्याला दीड मिमी फट ठेवा. मेच्या दुपारी टाकत असाल तर फट नको (आणि डॉक्टरला दाखवा). रूळ कुठेही स्क्रूने घट्ट आवळू नका, तरंगते राहू द्या.

रुळांतून वीज देऊ नका. आपल्या धुळीत पितळ रोज पुसावं लागेल. इंजिनातच बॅटरी आणि रिमोट. फक्त लिथियम बॅटरी असलेलं इंजिन उन्हात विसरू नका.

---

वऱ्हाडी_ठसका | १३ फेब्रुवारी, दुपारी ४.३१

एवढा हिशोब आमच्या लग्नात बी नव्हता केला कोणं.

---

बुटीबोरीचा_बंटी | १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

वाफेचं करा ना पण! बॅटरीवर चालणारं काय पाहायचं. नेटवर खऱ्या वाफेची छोटी इंजिनं पाहिली, गॅसवर चालतात.

---

निवृत्त_फिटर | १३ फेब्रुवारी, रात्री ८.४५

बंटीभाऊ, बॉयलर लहान असला तरी बॉयलरच असतो. शरीराने ताकदवान नसेल, पण स्वभाव तोच.

माझी सगळी नोकरी नॅरो गेजवर गेली. छोट्या वाफेच्या इंजिनाबद्दल एवढंच सांगतो. बॉयलर तांब्याचा आणि चांदीच्या डाखाने जोडलेला असावा, साध्या शिसं-कथलाच्या डाखाने नाही. पितळी नळीचा बॉयलर कुणी स्वस्तात देत असेल तर हात जोडा, पितळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि धातू ठिसूळ होतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का ते दर वेळी पाहावं. आणि दरवर्षी थंड पाण्याचा दाब देऊन तपासणी. वाफेने नव्हे, पाण्याने. पाण्याने फुटला तर फक्त ओलं होतं.

---

लीड्सला_गेलेला_नागपूरकर | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

काका, लाख बोललात. यात नागपूरची एक खास भर घालतो. ही इंजिनं ब्युटेन गॅसवर चालतात. इथे हिवाळ्यात गॅसची टाकी इतकी गारठते की लोक ती कोमट पाण्यात धरतात, तेव्हा कुठे ज्योत धड लागते. तुमच्याकडे उलटं, उन्हात टाकीतला दाब वाढून ज्योत बेफाम होईल. नागपुरात वाफेचं इंजिन डिसेंबर-जानेवारीत आणि सकाळीच. म्हणजे हुरड्याचा आणि वाफेचा हंगाम एकच.

---

शकुंतलाप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

मी मूर्तिजापूरचा. नॅरो गेजचा धागा निघावा आणि आमच्या शकुंतला गाडीचं नावही येऊ नये? निषेध!

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती गाडी ओढत होतं. सत्तर वर्षं! आजकाल मिक्सर तीन वर्षं टिकत नाही. कंपनीही खासगी, कापूस न्यायला टाकलेली लाईन. माझ्या आजीला दिवस मोजायला कॅलेंडर लागायचं नाही, गाडी आली की दुपार आणि नाही आली तरी दुपारच, कारण उशीर ठरलेला.

तुम्ही नागभीड करताय, करा. पण एका कोपऱ्यात मूर्तिजापूर जंक्शन असू द्या. भाडं देतो.

---

कुही_पॅसेंजर | १४ फेब्रुवारी, सकाळी ९.००

भूगोल थोडा ओढावा लागेल, पण जंक्शन मंजूर.

त्या दाराबद्दल कुणीच बोललं नाही?

---

कलम_आणि_पोटकलम | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

मी बोलतो, आणि रागावू नका. १७ हजार देण्याआधी त्या दाराचा कागद मागा. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा, १९६६ नावाचा प्रकार आहे. रेल्वेची वस्तू चोरीची असल्याचा वाजवी संशय असेल आणि ती तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आली हे तुम्ही सिद्ध करायचं. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मला आवडतं म्हणून घेतलं" हा बचाव नाही.

रेल्वे कंडम माल लिलावात विकते, तो लिलाव आता ऑनलाइन होतो. लिलावात घेतलेल्या मालाची कागदपत्रं असतात. कबाड्याकडे त्याची प्रत असेल तर बिनधास्त घ्या आणि स्वतःच्या नावाने त्याचं पक्कं बिल करून घ्या. नसेल तर दाराला लांबूनच नमस्कार.

---

निवृत्त_फिटर | १४ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

वकीलसाहेब बरोबर. पितळी मूठ शाबूत आहे म्हणता तिथेच मला शंका आली. लिलावाआधी पितळ बहुतेक वेळा काढून घेतात.

---

डबा_क्रमांक_तीन | १४ फेब्रुवारी, रात्री ११.३०

मी इथे वाचनमात्र असतो. पण दाराचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. तिथे एक अख्खा नॅरो गेजचा डबा आहे, लाकडी सांगाड्याचा जुना. चाकं नाहीत, नुसता सांगाडा आणि अंग. तो मी रेल्वेकडून घेतलेला नाही. एका शेतकऱ्याच्या वडिलांनी फार पूर्वी लिलावात घेऊन शेतात खोली म्हणून ठेवला होता, आत खताच्या गोण्या आणि कडबा. त्यांच्याकडे जुनी पावती होती, म्हणून व्यवहार केला. हायड्रा क्रेनने उचलून ट्रेलरवर ठेवला तेव्हा एका बाजूची खालची पट्टी बिस्किटासारखी तुटून खाली पडली. माझी आई म्हणाली, "कचरा विकत आणला, वर भाडंही दिलं."

तीन वर्षं झाली. रविवार आणि सुट्ट्या मिळून काम चालतं. जे शिकलो ते सांगतो, कारण हे कुठे लिहिलेलं सापडत नाही.

लाकडी डबा वरून मरतो. तळ कुजलेला दिसतो म्हणून आपण तळापासून सुरुवात करतो आणि फसतो. छत म्हणजे फळ्या आणि त्यावर रंगात भिजवलेलं कॅनव्हास. ते फाटलं की पाणी खांबांच्या आतून उतरतं आणि खालच्या पट्टीत बसून राहतं. मी पहिलं वर्ष खालच्या पट्ट्या बदलण्यात घालवलं, आणि एका पावसाळ्यात नवी पट्टी पुन्हा ओली. मग अक्कल आली. आधी छत, मग खिडक्या, शेवटी तळ.

उकलण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्याला नंबर द्या. मी खडूने दिले. आईने अंगण धुतलं. पुढचं समजून घ्या.

स्क्रू निघत नसेल तर जोर लावू नका, खाच जाते. डाखकामाची इस्त्री स्क्रूच्या डोक्यावर दोन मिनिटं टेकवा, लोखंड फुगून आक्रसलं की पकड सुटते. शंभरातले सत्तर असे निघाले. उरलेल्या तिसांच्या गोष्टी इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

कुजलेल्या खांबाचा अख्खा तुकडा बदलायची गरज नसते. कुजका भाग कापून तिरका जोड द्यायचा, जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या सहापट तरी. साग नवा घेतला नाही. नागपूरच्या महाल भागात जुने वाडे पाडतात तेव्हा निघालेल्या तुळया घेतल्या, शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकायचं नाही. मात्र सागाला वाळवी लागत नाही यावर आंधळा विश्वास नको. गाभ्याला लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या भागाला खुशाल लागते. बसवलेल्या प्रत्येक नव्या तुकड्यावर आतल्या बाजूला साल कोरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला कळेल काय जुनं आणि काय माझं.

आता माझी चूक. पहिलं दार मी पूर्ण घासून, लाकूड उघडं करून, चकचकीत पॉलिश केलं. सगळ्यांनी वाहवा केली. महिन्याभराने माझं मलाच कळलं की ते सुंदर फर्निचर झालंय, रेल्वेचं दार राहिलं नाही. त्या घासण्यात निळ्याखालचा लाल, त्याखालचा आणखी एक रंग, हाताने लिहिलेला आकडा, सगळं गेलं. आता प्रत्येक बाजूला हातभर चौकोन मी तसाच सोडतो, थर एकाखाली एक उघडे करून.

आणि जुना रंग कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं, त्याची धूळ छातीत जाते. पाणी लावून घासा, चांगला मास्क, पोरांना लांब ठेवा. घासलेला गाळ बागेत टाकू नका, संत्री खायची असतात.

---

कोथरूड_कट्टा | १५ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली. पण एक शंका. पॉलिश केलेलं दार वाईट कसं? सागाच्या रेषा दिसणं हीच तर त्याची शान. नवा होता तेव्हा डबा चकचकीतच असेल की! थर राखून ठेवणं म्हणजे डागडुजीचं कौतुक करणं.

---

डबा_क्रमांक_तीन | १५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

मुद्दा बिनतोड नाही, पण वजनदार आहे. नवा होता तो दिवस एक, वापरला गेला ते हजारो दिवस. मला दुसऱ्यांत जास्त रस आहे. शिवाय बाकावर कुणीतरी खिळ्याने बदाम कोरून दोन अक्षरं लिहिली आहेत. ती घासून काढायची माझी छाती होत नाही.

---

मोगरा | १५ फेब्रुवारी, दुपारी १.४१

कोणती अक्षरं??

---

डबा_क्रमांक_तीन | १५ फेब्रुवारी, दुपारी २.००

नाही सांगणार. ती माणसं अजून काटोलात असू शकतात.

---

बुटीबोरीचा_बंटी | १५ फेब्रुवारी, दुपारी २.१८

डब्यात हॉटेल टाका! नागपूर स्टेशनाबाहेर डब्यातलं रेस्टॉरंट आहेच. काटोल रोडला तर्री पोहे, डब्यात बसून. रांग लागेल.

---

वऱ्हाडी_ठसका | १५ फेब्रुवारी, दुपारी २.२५

तर्री सांडली तर तो बी थर ठेवन हा मानूस जपून.

---

तटस्थ_प्रवासी | १५ फेब्रुवारी, रात्री ९.००

थोडं कडू बोलतो. खासगी अंगणात दारं आणि डबे गोळा करण्यापेक्षा मोतीबागेच्या नॅरो गेज संग्रहालयात का जात नाही कुणी? १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं, आपल्या गावात आहे, खरी इंजिनं आहेत. मी गेलो त्या दिवशी आम्ही चौघं आणि एक मांजर. जतन करायचंय म्हणणाऱ्यांनी आधी तिकीट काढावं.

---

निवृत्त_फिटर | १५ फेब्रुवारी, रात्री ९.४०

तटस्थभाऊंचा राग समजतो. नातवाला घेऊन मी महिन्यातून एकदा जातो. पण संग्रहालयात वस्तूला हात लावू नये अशी पाटी असते. माझी सगळी हयात त्या वस्तूंना हात लावण्यात गेली. काटोलच्या डब्याला हात लावता येतो.

डबा_क्रमांक_तीन, तुमच्या खिडक्यांच्या झिलमिल्या शाबूत आहेत का? त्या बसवायची एक युक्ती आहे, लिहून जमायची नाही. यायला लागेल.

---

डबा_क्रमांक_तीन | १५ फेब्रुवारी, रात्री ९.४४

काका, रविवारी गाडी पाठवतो.

---

लीड्सला_गेलेला_नागपूरकर | १६ फेब्रुवारी, पहाटे २.१०

खासगी अंगण आणि जतन यावरून एक गोष्ट. इथल्या चिल्टर्न रेल्वेचे अध्यक्ष राहिलेले एड्रियन शूटर यांनी ऑक्सफर्डशायरमधल्या आपल्या घराच्या बागेत खरे दोन फुटी रूळ टाकले होते, आणि त्यावर दार्जिलिंगचं ७७८ क्रमांकाचं खरं वाफेचं इंजिन चालवायचे. एकोणिसाव्या शतकातलं, आपल्याकडून गेलेलं. खासगी अंगण होतं म्हणून ते इंजिन तिथे फिरत राहिलं.

शिवाय लोकांनी फुकट राबून वाचवलेली जगातली पहिली रेल्वे वेल्समधली टॅलिलिन, १९५१ पासून. सुरुवातीला त्यांनाही लोक वेड्यातच काढत होते.

---

वऱ्हाडी_ठसका | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

ठीक हाय, पण बेस्यात ७७८ आणलं तं गल्लीतल्या कुत्र्याइचं काय होईन याचा विचार करजा.

---

कुही_पॅसेंजर | २८ मे, रात्री १०.००

मंडळी, तीन महिन्यांनी धागा वर काढतोय.

दार घेतलं नाही. कबाड्याला कागद मागितला तर म्हणाला, "साहेब, कागदाचं दार पाहिजे का लाकडाचं?" पुढच्या आठवड्यात ते तिथे नव्हतंही. बरं झालं म्हणायचं आणि अजून वाईटही वाटतं.

रुळांचा प्रयोग मात्र केला. एकूण २४ फूट. अर्धी लाईन मुरुमाच्या चरात, अर्धी मुद्दाम काळ्या मातीवर, नुसती चुरी टाकून. मार्चमध्ये रूळ टाकताना फटी ठेवल्या, पण शेवटचे दोन सांधे राहिले, कारण बायकोने चहाला हाक मारली. बरोबर त्याच दोन सांध्यांपाशी १९ मेला रूळ सापासारखा वळला. दुपारी दीडला. समोर उभं राहून पाहिलं, टोपी घालून.

रुळांखालच्या आडव्या स्लीपरसाठी आधी स्वस्तातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या होत्या. दोन महिन्यांच्या उन्हात त्या खाकऱ्यासारख्या मोडल्या. आता सागाचे तुकडे कापून जवसाच्या तेलात बुडवून ठेवलेत.

---

मुरूम_आणि_खडी | २८ मे, रात्री १०.२०

काळ्या मातीवरच्या भागाचा निकाल आत्ता लावू नका. खरी परीक्षा जुलैत.

---

कुही_पॅसेंजर | ३ सप्टेंबर, सकाळी ११.१५

लागला निकाल. मुरुमातली बारा फूट स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा जेमतेम हलतो. काळ्या मातीवरच्या भागाने मध्येच उंटाची पाठ केली आहे. मुरूमसाहेब, उंचावरची लाईन मी केली नाही, पण आता संपूर्ण चर खणायला माणूस सांगितलाय.

पुढची बातमी. पोळ्याच्या पाडव्याला पहिली गाडी सुटली! डिझेल इंजिन आहे, १:२४, अंग पीव्हीसीच्या शीटचं, आत खेळण्यातली मोटर आणि बॅटरी. मागे एक डबा, निळा. फिटरकाकांनी फोटो पाहून खिडक्यांची उंची दोन मिमी कमी करायला लावली, केली. भिवापूरसाठी मालडबा केलाय, त्यात खऱ्या सुक्या मिरच्या चुरून भरल्यात, भिवापुरी मिरचीच. इंजिनाला शिंक आली नाही, मला आली.

इतवारीहून (मोरीजवळचा नळ) निघून कुहीला (कुंडी क्रमांक दोन) गाडी वेळेवर पोचली. त्यापुढे रुळावर गोगलगाय. सौ. म्हणाल्या, "हॉर्न द्या." दिला. गोगलगायीने ऐकलं नाही. अकरा मिनिटं थांबलो. आजोळच्या गाडीइतकाच उशीर झाला, मला फार बरं वाटलं.

---

शकुंतलाप्रेमी | ३ सप्टेंबर, सकाळी ११.३०

मूर्तिजापूर जंक्शनचं काय झालं?

---

कुही_पॅसेंजर | ३ सप्टेंबर, दुपारी १२.०५

संत्र्याच्या झाडाखाली जागा राखीव आहे. पण उमरेडच्या पुढे लाईन न्यायची तर तुळस आडवी येते. अट माहीत आहे ना? वळसा घ्यावा लागेल. तुळशीभोवती वळण किती लहान चालतं?

---

लीड्सला_गेलेला_नागपूरकर | ३ सप्टेंबर, दुपारी ४.४०

३२ मिमीची तयार वळणं अडीच फुटी त्रिज्येची मिळतात, म्हणजे ७६२ मिमी. हो, आपल्या खऱ्या नॅरो गेजच्या रुंदीएवढीच! योगायोग आहे, पण शुभ माना. त्याहून लहान वळणावर लांब डबे रडतील. तुळशीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत किती आहे?

---

कुही_पॅसेंजर | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.५०

टेप घेऊन मोजून आलो. ७४०.

---

मोगरा | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ५.५२

तुळशीला हात लावायचा नाही.

---

मुरूम_आणि_खडी | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१०

भिंत तशीही दर दोन वर्षांनी तडकतेच म्हणालात ना? पुढच्या वेळी बांधताना फूटभर...

---

वऱ्हाडी_ठसका | ३ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१२

शेजाऱ्याले इचारलं का?